हसण्यापुरता दात

"वास्तू रंगावर उभी राहत नसते, बांधणीवर उभी राहते!"

हे वाक्य लक्ष्मीकांत पोतनीसांनी आयुष्यभर ऐकवलं होतं. बांधकाम खात्यातल्या छत्तीस वर्षांत कंत्राटदारांना ऐकवलं, निवृत्तीनंतर ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या शेजाऱ्यांना ऐकवलं, आणि आठ जानेवारीला सकाळी अकरा वाजता स्टेशनाजवळच्या पडाव भागातल्या एका दवाखान्यात डॉक्टर समरजीत मोहित्यांनाही ऐकवलं. फरक एवढाच, की या खेपेला ते खुर्चीत आडवे होते, तोंडात लाळ ओढणारी नळी होती आणि ते स्वतःचा पुढचा दात पांढरा करून घ्यायला आले होते. त्यामुळे डॉक्टरांना फक्त "आ-ऊ-आ-आ" एवढंच ऐकू आलं.

"दुखतंय काय, काका?"

पोतनीसांनी मान हलवली. दुखत काही नव्हतं. तत्त्वज्ञान तेवढं जरा अवघडून बसलं होतं.

दाताची हकिगत अशी. एकोणिसाव्या वर्षी पोतनीस किल्ल्याच्या उतारावरून सायकलने खाली येत होते. मध्येच त्यांचा आणि सायकलचा वेग जुळेना, म्हणून ते सायकलच्या आधी खाली पोचले. दात पडला नाही. पण आतून मेला आणि दोन-तीन वर्षांत पाटीच्या रंगाचा झाला. तेव्हापासून हसू आलं की पोतनीसांचा तळहात तोंडावर जाई. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं, त्या फोटोतही तोंड डकवलेल्या पाकिटासारखं बंद. पुढे मुलगा झाला, बढत्या झाल्या, नात झाली. अल्बम भरत गेले. पाकीट काही उघडलं नाही.

गेल्या दिवाळीत, कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहणारी नात तन्वी ते अल्बम घेऊन बसली होती.

"आजोबा, एकपण फोटोत तुम्ही हसला नाहीत. आजीशी शादी म्हणजे काय सजा होती?"

"असू दे गं," शरयूबाई म्हणाल्या. "त्यांचं तोंडच तसं आहे." मग अल्बम मिटता मिटता सहज बोलून गेल्या, "एक तरी हसरा असता तर बरं झालं असतं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा वाक्य विसरल्या होत्या. पोतनीस विसरले नव्हते. पंचवीस जानेवारीला लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्या दिवशी शरयूला एक हसरा फोटो द्यायचा, हात न लावता, सगळे दात दाखवून, असं त्यांनी ठरवलं. आणि कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवलं. डिसेंबरात ते तीनदा दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा डॉक्टरांनीच वरून हाक मारली, "काका, या ना! चढायला पैसे नाही लागत."

समरजीत मोहिते तरुण होते. त्यांचे खापरपणजोबा तलवार चालवत ग्वाल्हेरला आले होते. खापरपणतू ड्रिल चालवत होता. त्यांनी दाताचा एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"नस केव्हाच गेली. वीसेक वर्षांपूर्वी कुणी रूट कॅनाल पण केलंय. आता मागून एक भोक करतो, आत पांढरं करायचं औषध भरतो, वर कच्ची सिमेंट. दर चार दिवसांनी बदलायचं. तीनदा. मग पक्कं फिलिंग."

पोतनीसांमधला इंजिनिअर उठून बसला. "थांबा. आधी रंग आणि मग डागडुजी? आमच्याकडे आधी भेगा भरतात, मग चुना मारतात."

"इथे उलटं असतं, काका. फिलिंगचा रंग पांढऱ्या झालेल्या दाताला जुळवावा लागतो. आणि हां, प्रत्येक वेळी दोन दिवस चहा, कॉफी, हळद, पान, बीट बंद. रंग धरतो दात."

दोन दिवस. एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पण ज्या माणसाने आयुष्यात एकही पूल लागेल तेवढ्याच ताकदीचा बांधला नाही, त्याला दोनवर भागवणं जमणार नव्हतं. सुरक्षेसाठी दुप्पट धरायचं, हा खात्याचा नियम. दोनाचे चार झाले. चार दिवसांनी पुढची खेप असल्यामुळे पुन्हा चार, पुन्हा चार. अशा रीतीने, एका चुकीच्या ठिकाणी लावलेल्या बरोबर नियमामुळे, पोतनीसांचा चहा सलग सुटला.

इथून गोष्ट दाताच्या हातात राहिली नाही.

पन्नास वर्षं सकाळी सहाला आणि दुपारी चारला शरयूबाई आल्याचा चहा करत आणि दोघं गॅलरीत बसून तो पीत. त्या दिवशी चारला त्यांनी कप पुढे केला.

"नको," पोतनीस तळहाताआडून म्हणाले.

"नको म्हणजे? बरं नाही काय?"

"बरंय. चहा सोडला."

"सोडला? कधी?"

"आजच."

शरयूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. तेच जास्त काळजीचं वाटलं.

रात्री पोतनीसांनी वरण बाजूला सारलं आणि दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दूधभात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोहे कर, पण हळद घालू नकोस."

"बिनहळदीचे? घरात सुतक आहे काय?"

"असंच."

कढी गेली, पिठलं गेलं, लोणचं गेलं. ताटात खीर, मुळा, साबुदाणा, ताक. शरयूबाई वाढून समोर बसल्या की त्यांना ताटात काही आहे की नाही हेच चटकन कळत नसे.

पाचव्या दिवशी शेजारच्या विजयाबाई आल्या. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते. गस्त घालण्याचं काम त्यांच्यामागे बाईंनी चालू ठेवलं होतं.

"शरयू वहिनी, मी बोलणार नव्हती, पण बोलते. भाऊसाहेब मला पडावला दिसले. दोनदा. स्टेशनाच्या बाजूला."

"पडावला यांचं काय काम?"

"तेच तर. मी आवाज पण दिला, तर रुमाल तोंडावर घेऊन सरळ निघून गेले. खातात-पितात ना नीट?"

शरयूबाईंनी सांगितलं. विजयाबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर होत गेला.

"चहा सोडला, हळद सोडली, सफेद सफेद खातात, बोलणं कमी. वहिनी, माझ्या मोठ्या दिरांचं बिलकुल असंच सुरू झालं होतं. मग एक दिवस हरिद्वार."

"परत कधी आले?"

"पत्र येतं," विजयाबाई म्हणाल्या.

शरयूबाईंनी नवऱ्याला विचारायला हवं होतं. पण पन्नास वर्षांत या माणसाला त्यांनी एकदाही खोटं बोलताना पकडलं नव्हतं आणि नेमकी त्याचीच त्यांना भीती वाटली. विचारलं, तर खरं सांगतील. त्यापेक्षा न विचारता काय होतं ते बघावं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही चहा सोडला.

जानेवारीतल्या धुक्यात सकाळी सहाला दोघं गॅलरीत बसून गरम पाणी पिऊ लागले.

"तू का सोडलास?" पोतनीसांनी विचारलं.

"असंच. तुम्ही का सोडलात?"

"असंच."

पाणी पिऊन झालं. इतक्या वर्षांत त्यांचा इतका लांब अबोला भांडणातही झाला नव्हता.

मग शरयूबाईंनी एक काम केलं. कपाटावरची निळी बॅग काढली. तीत पोतनीसांचे दोन स्वेटर घातले, कानटोपी घातली. गोळ्यांच्या पाकिटांवर शाळेत शिकवून घोटलेल्या आपल्या अक्षरात 'सकाळी', 'रात्री जेवणानंतर' असं लिहून चिकटवलं. हरिद्वारला तिळाची गजक मिळते की नाही याची खात्री नव्हती, म्हणून गजकाचा एक डबा ठेवला. बॅग पलंगाखाली सरकवून त्या तिथेच जमिनीवर थोडा वेळ बसून राहिल्या.

तन्वीला ती बॅग केर काढताना सापडली. "आजी, ये क्या? कुठे चाललात तुम्ही?"

"मी नाही गं. हे चाललेत," शरयूबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

तन्वीने आपल्या परीने अर्थ लावला. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी आजोबा आजीला सरप्राइज ट्रिपला नेतायत, आजीला ते कळलंय आणि आनंदाने तिचं रडू थांबत नाहीये. सो स्वीट! आपण काही बोलायचं नाही. जन्मल्यापासून तिने पाळलेलं हे पहिलं गुपित, आणि तेवढं एक तिने फोडायला हवं होतं.

वीस तारखेला डॉक्टर मोहित्यांनी पोतनीसांच्या हातात आरसा दिला. दात पांढरा झाला होता. शेजाऱ्यांहूनही किंचित जास्त. पोतनीस बराच वेळ बघत राहिले, जसं छप्पन वर्षांनी गावी आलेल्या माणसाकडे बघतात.

"आता पक्कं फिलिंग करून टाका. पंचवीसला समारंभ आहे."

"नाही जमणार, काका. दोन आठवडे थांबावं लागेल. औषधातला ऑक्सिजन दातात अडकून राहतो. तो निघून जाईपर्यंत फिलिंग घट्ट चिकटतच नाही."

"मग डिसेंबरातच नाही का सांगायचं?"

"डिसेंबरात तुम्ही पायऱ्यांवरून परत जात होता."

पोतनीसांनी कामाचं विचारलं. "सध्या भार किती घेईल?"

"भार?" डॉक्टर हसले. "आधीच मेलेला दात, वय झालेलं, मागून आपण भोक पाडलेलं, त्यात औषधाने अजून थोडा नाजूक झालाय. पक्कं फिलिंग झालं की बरीच ताकद परत येईल. सगळी नाही, पण बरीच. तोवर हा दात हसण्यासाठी आहे, चावण्यासाठी नाही."

पोतनीसांना हे पूर्ण समजलं. असे पूल त्यांनी पाहिले होते. दोन्ही टोकांना पाट्या लावाव्या लागत: भारी वाहनांना मनाई.

पुढचे पाच दिवस त्यांनी न्हाणीघराचं दार लावून हसण्याचा सराव केला. पहिल्या खेपेला आरशात जे दिसलं, ते पाहून त्यांनीच दिवा बंद केला. चौथ्या दिवशी बरं जमू लागलं. बाहेर शरयूबाईंना आतून "हा… हा…" असे आवाज येत. प्राणायाम सुरू झाला, हे त्यांनी ओळखलं.

पंचवीस तारखेला दुपारी महाराज बाडा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये चाळीस माणसं जमली. हार घालून झाले. पोतनीसांनी छाती पुढे काढली, ओठ सैल केले आणि तन्वीकडे पाहिलं.

"तन्वी, फोटो."

"रुको आजोबा! विजया आजींचं एक आयटम आहे, त्यात काढते."

विजयाबाई चांदीची तबकडी घेऊन आल्या. तबकडीत करंगळीएवढा लांब, लवंग टोचलेला विडा. "आता जोडप्याने विडा तोडायचा! लग्नात तोडला होता ना? भाऊसाहेबांनी दातात धरायचा, वहिनींनी दाताने तोडायचा!"

टाळ्या पडल्या. पोतनीसांची जीभ पुढच्या दाताला जाऊन आली. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी विडा दाढेत धरून, ओठ मिटून वेळ मारून नेली होती. त्या बाजूच्या दाढा आता राहिल्या नव्हत्या.

"विजयाबाई," ते हळूच म्हणाले, "आत सुपारी आहे?"

"पक्की! कच्चं काम मी करतच नाही."

"मी असा बाजूने धरला तर…"

"तिरपं नाही चालायचं, भाऊसाहेब. समोरून!"

पोतनीस विड्याकडे बघत राहिले. एक क्षण, दोन क्षण. टाळ्या थांबल्या. शरयूबाई जवळ सरकल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलल्या.

"नको असेल तर राहू द्या. आता बंधन नको वाटत असेल तुम्हाला. मी कुणाला काही बोलणार नाही."

ही कसलं बंधन म्हणते, ते पोतनीसांना कळलं नाही. पण तिचा आवाज कळला. इतका बारीक आवाज त्यांनी तिच्या आईच्या मरणानंतर ऐकला नव्हता. छत्तीस वर्षं दुबळे पूल बंद करत आलेल्या माणसाने त्या दिवशी पाटी स्वतःच्या हाताने बाजूला केली. विडा उचलला, समोरच्या दातांत धरला आणि मान पुढे केली.

शरयूबाईंनी दुसरं टोक दातांत पकडलं. सुपारी खरंच पक्की होती. त्यांनी मान हलवून जोर लावला.

कट्.

"वाहवा!" लोक ओरडले. पोतनीसांना पुढे एकदम गार हवा लागली. शरयूबाई विडा चावत होत्या, मध्येच थांबल्या. त्यांनी तोंडात बोट घालून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं.

"विजयाबाई, विड्यात खडा निघाला की हो!"

"खडा नाही तो," पोतनीस म्हणाले. "दात आहे."

"कुणाचा?"

"माझा."

शरयूबाईंनी तळहात डोळ्यांजवळ नेला. "काहीतरीच काय? हा तर पांढराशुभ्र आहे. तुमचा काळा आहे."

पोतनीस बघतच राहिले.

"तुला… माहीत होतं?"

"अहो, पन्नास वर्षं तोंड उघडं टाकून घोरता तुम्ही!"

पोतनीसांच्या पोटातून काहीतरी वर आलं. सवयीने उजवा हात उचलला, पण तो शरयूबाईंनी दातासकट घट्ट धरून ठेवला होता. हसू तोंडापर्यंत पोचलं, तिथे कुणी अडवलं नाही, आणि ते बाहेर पडलं: मोठ्याने, गडगडून, समोर एक खिडकी सताड उघडी. ते बघून शरयूबाईंनाही राहवेना. तन्वीच्या फोनने त्याच वेळी तो फोटो घेतला.

"हसताय काय?" शरयूबाई हसता हसता रडू लागल्या. "बॅग भरून ठेवलीय तुमची. कानटोपी वरच आहे. मला सांगून गेला असतात तर मी काय अडवलं असतं?"

"कुठे जाणार होतो मी?"

"हरिद्वारला! पडावला स्टेशनवर रोज चौकशीला जाता ना?"

"अगं, पडावला दातांचा डॉक्टर आहे!"

सगळे विजयाबाईंकडे वळले. विजयाबाई तबकडी पुसत होत्या. "मी तर फक्त पत्र येतं एवढंच बोलली," त्या म्हणाल्या.

तन्वीने डॉक्टरांना फोन लावला. तुकडा दुधात बुडवून लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी केलेलं केशराचं दूध तेवढं होतं. चहा आणि हळद वर्ज्य करून पांढरा केलेला दात त्यात बुडवून तिघं रिक्षाने पडावला निघाली. पोचेपर्यंत तो छान पिवळा झाला होता.

डॉक्टर मोहित्यांनी चिमट्याने तो बाहेर काढला, वास घेतला आणि ट्रेमध्ये ठेवला. मग पोतनीसांचं तोंड तपासलं.

"मूळ मजबूत आहे, काका. आत खिळी बसवू, वर कॅप. हा नवीन दात चांगला टिकेल. पण पाच दिवसांपूर्वीच बोललो होतो ना, चावायचं नाही?"

"माहीत होतं," पोतनीस म्हणाले.

शरयूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या शालीचं टोक तेवढं नीट केलं.

डॉक्टरांनी वेगवेगळ्या रंगांच्या नमुना-दातांची पट्टी काढली. "आजी, तुम्हीच निवडा. हा बघा, सर्वांत पांढरा. आजकाल हाच चालतो."

शरयूबाई पट्टी घेऊन खिडकीपाशी गेल्या. एकेक दात उजेडात धरून पाहिला आणि अगदी शेवटच्या, काळपट दातावर बोट ठेवलं.

"हा."

"हा? आजी, हा कुणीच घेत नाही."

"म्हणूनच. बिचारा पडून असेल."

"शरयू, सतरा दिवस मी…" पोतनीसांनी तोंड उघडलं.

"हसरा फोटो निघाला ना? झालं तर मग. उद्या सकाळी गॅलरीत माझ्यासमोर कुणी परका माणूस नको बसायला."

छप्पन वर्षं लपवलेली गोष्ट आता कॅप करून बसवायची होती. डॉक्टरांनी रंगाचा नंबर लिहून घेतला. मग खिळी किती लांब, कॅप कशाची, पहिले आठ दिवस काय जपायचं, हे सगळं नीट समजावून सांगितलं. पोतनीसांनी भाराबद्दल विचारलं. डॉक्टरांनी भार सांगितला. दोघंही समाधानी दिसले.

"काही शंका, आजी?"

शरयूबाईंनी जरा विचार केला.

"एकच विचारायचं होतं. तुमच्या खाली ती टपरी आहे ना, तिथून दोन चहा वर येतील काय? यांचा जरा कोमट."